गाडीची तारीख कुणी फोडली

कारखान्यात सगळे तिला पाठीमागे कुलूपबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिने कधी कुणाला हटकलं नाही, कारण मनातून तिला ते नाव आवडायचं. एकशे चाळीस माणसांचा तो कारखाना संरक्षण खात्यासाठी एक कडं बनवायचा. तळहातावर मावेल एवढंसं कडं. ते कशात बसतं आणि कशाला लागतं हे एकशे चाळिसांपैकी फक्त अकरा जणांना माहीत होतं, आणि त्या अकरांची नावं तिच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती.

ती तिथली सुरक्षा अधिकारी. सुरक्षा अधिकारी म्हटलं की लोकांना काठी आणि शिट्टी आठवते, पण तिचं सगळं काम कागदाचं होतं. गोपनीय कामाला हात लावायचा तर माणसाला खात्याचा क्लिअरन्स लागतो, आणि प्रत्येकाच्या क्लिअरन्सची फाइल तिच्याकडे. कुणाचं लग्न झालं, कुणी घर बदललं, कुणाची मेहुणी परदेशात राहायला गेली, सगळ्याची नोंद तिच्याकडे व्हायची. एकदा एका फिटरने लेखी दिलं, की बायकोचा भाऊ परदेशातून दोन महिन्यांसाठी राहायला येतोय, कंपनीची हरकत आहे का? तिने नियम काढून वाचला आणि हरकत नाही असा शेरा मारला. फिटर जागचा हलेना. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "बघा ना, जरा घेता आली हरकत तर." ती हसली नाही. तो गेल्यावर दार लावून घेतलं आणि मग हसली.

घरीही तिचा कायदा तोच. ऑफिसचं बोलायचं नाही, विचारायचं नाही. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि पहिल्या दोन वर्षांतच त्याने विचारणं सोडून दिलं होतं. बायको काय करते असं कुणी विचारलं, की तो म्हणायचा, "माहीत नाही, पण वेळेवर करते."

प्रश्न होता सासऱ्यांचा. त्यांनी पस्तीस वर्षं एका औषधांच्या दुकानात काउंटरवर काढली होती, आणि गावातलं प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्यासमोर खोकून गेलं होतं. आता निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी नऊच्या ठोक्याला कारखान्याच्या वळणावरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसत ते अकराला उठत. त्या दोन तासांत त्यांच्या तोंडाला विसावा नसे. ते बोलायला लागले, की समोरच्याचा चहा निवून त्यावर साय धरायची. सुनेच्या मते सासरे म्हणजे वॉशर गेलेला नळ होता. तिची त्यांच्यावर माया होती, पण ते घरात असताना ती वर्तमानपत्रसुद्धा घडी घालून ठेवायची.

कड्यांची एक खेप पुरी झाली, की महिन्यातून एकदा ती खात्याच्या गाडीतून जायची. गाडीवर नाव नाही, पाटी नाही. पुढे-मागे दोन जीप. कारखान्याच्या फाटकापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचा अरुंद रस्ता तासभर बंद ठेवायचा. ही तारीख तीनच माणसांना माहीत असायची: मालकांना, फोरमनला आणि तिला.

अशाच एका खेपेच्या दिवशी सकाळी खात्याचे तपासनीस न कळवता आले. सडसडीत माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. बसमधून उतरले आणि कारखान्यात यायच्या आधी वळणावर चहा प्यायला थांबले. चहावाल्याने पेला पुढे ठेवला आणि आपुलकीने सांगितलं, "साहेब, कुणाकडे जायचं असेल तर साडेअकराच्या आत उरकून घ्या. बारा वाजता कारखान्याची गाडी निघायचीय, मग तासभर इकडची माणसं इकडे आणि तिकडची तिकडे."

तपासनिसांनी चहा संपवला. दुसरा मागवला. मग ते कारखान्यात आले, कुलूपबाईंच्या समोर बसले आणि आवाज न चढवता सगळं जसंच्या तसं सांगितलं.

चहावाल्याला हे कळलं कसं, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले की तेच शोधायला तुमची नेमणूक आहे. पुढच्या खेपेपर्यंत मुदत. तोवर गळती सापडली नाही, तर कारखान्याची परवानगी स्थगित होईल. फाइल बंद करता करता त्यांना काहीतरी आठवलं.

"तिथे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. अखंड बोलत होते. मला माझ्या आम्लपित्तावर तीन उपाय सांगितले त्यांनी, मी न विचारता."

तिने डोळे मिटले. "ते माझे सासरे," ती म्हणाली, कारण विचारलं नसलं तरी अशी गोष्ट सांगायची असते हा नियम तिनेच भिंतीवर लावला होता.

तपासनिसांनी फाइल पुन्हा उघडली आणि एक ओळ लिहिली.

त्या दिवशी गाडी परत पाठवली, खेप दुसऱ्या वाटेने गेली, आणि कुलूपबाई हिशेब मांडत बसल्या. मालकांना संध्याकाळी आपली मोटार कुठे लावली हे आठवायचं नाही, ते तारीख काय फोडणार? फोरमन तिशीपासून एकटा राहणारा, यंत्राशी सोडून कुणाशी बोलायचा नाही, आणि यंत्राशीही शिव्या देण्यापुरताच. ती स्वतः तर कुलूपबाई. उरलं कोण? घरातून तिचे फोन व्हायचे, भिंती पातळ होत्या, आणि रोज नऊ ते अकरा नळ वाहत होता.

तिने अहवालाचा मसुदाही लिहून टाकला. 'गळतीचे कारण: अधिकाऱ्याच्या कुटुंबातील ज्येष्ठ सदस्य.' तारखेची जागा रिकामी सोडली. लिहिताना हात जड झाला होता, पण लिहिलं. आता फक्त पुरावा हवा होता, आणि पुराव्यासाठी तिने सापळा लावला.

पुढची खेप तीन आठवड्यांनी होती. तिने मालकांना सांगितलं, गाडी मंगळवारी. फोरमनला सांगितलं, बुधवारी. दोघांना वेगवेगळं बोलावून, दार लावून. आणि घरी रविवारी सकाळी स्वयंपाकघरात उभी राहून, पलीकडे कुणीही नसलेला फोन कानाला लावून ती जरा मोठ्याने म्हणाली, "हो, गुरुवारी. बारा वाजता. नाही, गुरुवारीच." सासरे समोरच जेवणाच्या टेबलावर आपल्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत होते. त्यांनी मान वर केली नाही. फक्त एक पांढरी गोळी चुकीच्या खणात पडली होती, ती काढून बरोबर खणात टाकली.

खरी गाडी होती शुक्रवारी. ते तिच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. खात्याला तिने बंद लिफाफ्यातून कळवलं होतं, आणि जीपवाल्यांना तो शुक्रवारी सकाळी फोडायचा होता. आता रस्त्यावर जी तारीख उगवेल, तिच्यावरून चोर कोण ते आपोआप कळणार होतं. असल्या गोष्टीत मजा वाटू नये हे तिला कळत होतं, पण वाटत होती. सोमवारी ती स्कूटरवरून कारखान्यात जाताना चक्क गुणगुणत होती.

मंगळवार आला. रस्ता जसाच्या तसा. बेकरीची गाडी बाराच्या सुमाराला पाव उतरवत होती, कुणाला घाई नव्हती. म्हणजे मालक सुटले. बुधवारीही तसंच, फोरमन सुटला. गुरुवारी सकाळपासून ती खिडकीपाशी. आज दुकानं लवकर आवरतील, टेम्पो मागे वळतील, सासऱ्यांचं बिंग फुटेल. बारा वाजले, साडेबारा झाले. हार्डवेअरच्या दुकानासमोर दोन माणसं निवांत पाने-पक्कड मोजत होती. रस्ता कसा थंडगार. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडी निराशाही झाली. दोन्ही एकदम झालं याची तिला लाज वाटली.

गुरुवारी संध्याकाळी पाचला ती घरी निघाली, तेव्हा हार्डवेअरवाला अख्खा ट्रक लावून घाईघाईने पाइप उतरवून घेत होता. घामाघूम झाला होता. तिने स्कूटर थांबवून सहज विचारलं, की आज एवढी गडबड कसली?

"उद्या रस्ता बंद ना," तो म्हणाला. "गाडी आहे कारखान्याची." आणि पाइपचं दुसरं टोक धरायला तो वळला.

स्कूटर बंद पडली. म्हणजे तिनेच बंद केली असणार, पण तिला ते आठवत नव्हतं. शुक्रवार. जो वार तिने कुणालाही सांगितला नव्हता, जो त्या बंद लिफाफ्याबाहेर आलाच नव्हता, तो पाइप उतरवणाऱ्या माणसाच्या तोंडात होता.

तिने तिथूनच खात्याला फोन करून शुक्रवारची गाडी रद्द केली. घरी आली. नवरा परीक्षेच्या वह्या तपासत होता. त्याच्यासमोर बसून तिने विचारलं, "मी झोपेत बोलते का?"

सोळा वर्षांत बायकोने त्याला असा प्रश्न प्रथमच विचारला होता. त्याने लाल पेन खाली ठेवून नीट विचार केला. "बोलत नाहीस," तो म्हणाला. "दात खातेस."

रात्री तिला जेवण गेलं नाही. शुक्रवारी दुपारी रस्ता आपोआप मोकळा झाला, दुकानदार हाताची घडी घालून उभे राहिले, आणि गाडी आलीच नाही. वळणावर चहावाल्याला लोकांनी धारेवर धरलं म्हणतात. ती खोलीत बसून स्वतःच्याच क्लिअरन्सची फाइल वाचत होती. त्यात स्वतःविरुद्ध काही सापडतंय का, ते बघत होती.

शनिवारी सुट्टी. साडेआठला सासरे चपला घालून दारात उभे राहिले आणि आत न बघता म्हणाले, "सूनबाई, आज तूही चल."

तिने विचारलं, कुठे? ते म्हणाले, चहा प्यायला. मग जरा थांबून म्हणाले, "गुरुवारचं मी कुणाला सांगितलं नाही हो."

ती दारातच थबकली.

"तू फोनवर कधी मोठ्याने बोलत नाहीस," ते म्हणाले. "त्या दिवशी बोललीस. आणि बोलताना फोनचा दिवा लागलेला नव्हता. मी म्हटलं, सापळा आहे, तर आपण गप्प बसावं त्यात, हलू नये. चल आता, चहावाला नऊनंतर पाणी जास्त घालतो."

वाटभर ते आपल्या गुडघ्याबद्दल बोलले.

चहाच्या दुकानात चार बाकडी होती. इस्त्रीवाला, बेकरीवाली आणि हार्डवेअरवाला आपापल्या दुकानात माणूस बसवून चहाला आले होते, कारण कालच्या फजितीवर चर्चा व्हायची होती. कुलूपबाईंना बघून सगळे बाकड्यावर सरकले. सासऱ्यांनी तिला मधोमध बसवलं आणि आडपडदा न ठेवता चहावाल्याला म्हणाले, की बाबा, गाडी कधी जाणार हे तुम्हाला कसं कळतं ते हिला सांग. ती रागावणार नाही.

चहावाल्याने आश्चर्याने तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुम्हीच तर कळवता."

"मी?"

"कोट," इस्त्रीवाला म्हणाला.

मग जे बाहेर आलं ते असं. गाडीच्या दिवशी खात्याचे अधिकारी यायचे, म्हणून ती आपला निळा कोट घालायची. एरवी घालायची नाही. तो कोट आदल्या दिवशी सकाळी इस्त्रीला यायचा आणि संध्याकाळपर्यंत हवाच असायचा. 'अर्जंट' असं ती चिठ्ठीवर लिहायची, वर दोन रेघा मारून. पण एकट्या कोटावर इस्त्रीवाला विसंबत नसे, कारण कोट लग्नालाही लागतो. म्हणून तो बेकरीवालीला विचारायचा. जीपच्या एका ड्रायव्हरला साखर चालत नव्हती. कुलूपबाई मनाने चांगल्या, त्याच्यासाठी आदल्या दिवशी बिनसाखरेच्या बिस्किटांचा पुडा न्यायच्या. कोट आणि पुडा एकाच दिवशी आले, की मग शंकेला जागा नव्हती. शिवाय गाडीसाठी आवार मोकळं लागायचं, म्हणून फाटकाच्या आतल्या सगळ्या स्कूटरी आदल्या संध्याकाळीच हार्डवेअरच्या बोळात लावायला ती सांगायची. हार्डवेअरवाल्याला त्या मोजायचीसुद्धा गरज पडत नसे.

"आम्हाला तेवढंच हवं असतं हो," बेकरीवाली म्हणाली. "रस्ता कधी बंद, एवढं कळलं की पाव आधी उतरवून घेतो. गाडीत काय आहे त्याच्याशी आम्हाला काय करायचंय?"

"आम्ही म्हणतो," चहावाला म्हणाला, "बाईंना तोंडाने सांगता येत नाही, नोकरीचा प्रश्न आहे, म्हणून कोट पाठवून कळवतात. मनाची मोठी बाई." आणि मग त्याचा चेहरा पडला. "पण काल का नाही आली गाडी? आमचं काही चुकलं का?"

एवढी वर्षं कुलूपबाईंनी कपाटाच्या दोन किल्ल्या सांभाळल्या होत्या, कागदाचा प्रत्येक चिठोरा यंत्रात घालून भुगा केला होता, आणि सगळी गुपितं दर महिन्याला स्वतःच्या हाताने, वर दोन रेघा मारून, इस्त्रीला टाकली होती. तिला रडू यायला हवं होतं. आलं हसू. पहिल्यांदा नाकातून आलं, मग ठसका लागला, आणि मग चहावाल्यासकट सगळे हसायला लागले. आपण कशाला हसतोय हे त्यांतल्या निम्म्यांना कळलं नव्हतं.

घरी परतताना तिने सासऱ्यांना विचारलं, तुम्हाला हे केव्हापासून माहीत होतं?

"दोन वर्षं झाली असतील."

"मला का नाही सांगितलंत?"

"ऑफिसचं घरात बोलायचं नाही, हा नियम कुणाचा?" ते म्हणाले. आणि दहा पावलं गेल्यावर, जरा हळू, "अगं, पस्तीस वर्षं काउंटरवर होतो. कोण कसली गोळी नेतं, कोण कुणासाठी नेतं, सगळं बघितलं. मी गप्प उभा राहिलो असतो, तर लोक घाबरले असते, याला सगळं कळतंय म्हणून. म्हणून मी बोलत राहायचो. हवापाणी, गुडघे, सरकार. बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काही राहत असेल, असं कुणाला वाटत नाही." ते थांबले. "तुलाही वाटलं नाही."

सोमवारी कारखान्यात जाऊन तिने पहिलं काम केलं ते हे, की तो मसुदा कपाटातून काढून यंत्रात घातला. नष्ट केलेल्या कागदांच्या वहीत नोंद करावी लागते. तिने लिहिलं: 'पान एक. कारण: चुकीचे.'

मालकांना सगळं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत खचले. मग त्यांना एक तोड सुचली. सासऱ्यांचं नाव घालून टाका, ते म्हणाले. ते कंपनीत नाहीत, त्यांना क्लिअरन्स नाही, त्यांचं कोण काय वाकडं करणार? तपासनिसांच्या मनात ते आहेतच. तुम्ही सुटाल, कारखाना सुटेल. तिने शांतपणे उत्तर दिलं की ते नाव तिने एकदा लिहून पाहिलं आहे, पुन्हा लिहिणार नाही.

मग आली नियमाची अडचण. गळतीला जबाबदार असलेल्या व्यक्तीचा जबाब सुरक्षा अधिकाऱ्याने साक्षीदारासमोर नोंदवायचा असतो. जबाबदार तीच आणि अधिकारी तीच. दुसरी एखादी बाई असती तर पळवाट काढली असती. तिने फोरमनला साक्षीदार म्हणून बसवलं आणि स्वतःचा जबाब स्वतः घेतला. प्रश्न विचारायला टेबलाच्या अलीकडे बसायची, उत्तर द्यायला पलीकडे जायची. फोरमनने दोनदा सुचवलं, की एकाच खुर्चीवर बसून भागेल. तिने ऐकलं नाही.

"कोट इस्त्रीला देताना आपला हेतू काय होता?" तिने विचारलं. पलीकडे जाऊन उत्तर दिलं, "चुण्या घालवणे."

फोरमनने सही करताना तोंडावर हात ठेवला होता. त्याला हसताना कारखान्यात कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि तिनेही पाहिलं नाही असं दाखवलं.

अहवाल गेला. आठ दिवसांत खात्याचं पत्र आलं: चौकशी पुरी होईपर्यंत अधिकाऱ्याचा स्वतःचा क्लिअरन्स स्थगित. त्याचा अर्थ असा झाला, की तिला तिचंच कपाट उघडता येईना. तेवढे दिवस फोरमन किल्ली घेऊन आत जायचा आणि ती उंबऱ्याबाहेर उभी राहून, तिसरा कप्पा, डावीकडून चौथी फाइल, ती नव्हे, तिच्या मागची, असं सांगत राहायची. फाइलमध्ये काय आहे ते तिला तोंडपाठ होतं. पण नियमाप्रमाणे ते आता तिला माहीत नव्हतं.

चौकशीचा भाग म्हणून तपासनीस घरीही आले. अधिकाऱ्याच्या सवयी, स्वभाव, येणंजाणं, याबद्दल घरच्यांना विचारायचं होतं. नवऱ्याचं पाच मिनिटांत आटोपलं, त्याला खरोखरच काही माहीत नव्हतं. मग सासरे समोर बसले. ती नियमाप्रमाणे घराबाहेर, पायऱ्यांवर बसून राहिली. पहिला अर्धा तास गेला. तास गेला. आतून सासऱ्यांचा आवाज एका लयीत येत होता. पावणेदोन तासांनी तपासनीस बाहेर आले. वही भरली होती, शाई संपत आली होती, आणि चेहरा असा, जणू लांबच्या प्रवासात आपलं स्टेशन निघून गेलंय.

पायऱ्यांवर उभ्या उभ्या त्यांनी पानं उलटली. गुडघ्यांसाठी शेकाचे दोन प्रकार होते, बसथांबा हलवला तेव्हाची हकिकत होती, आम्लपित्ताचा चौथा उपाय होता.

"तुमच्याबद्दल एकच वाक्य मिळालं मला," ते म्हणाले. "सूनबाई चहात साखर कमी घालते."

"ते खरं आहे," ती म्हणाली.

तपासनिसांनी वही मिटून बंद दाराकडे बोट केलं. "मी बावीस वर्षं हे काम करतोय," ते म्हणाले. "असा माणूस मला एकदाही कर्मचारी म्हणून मिळाला नाही." मग त्यांनी कामाचं विचारलं. दुकानदारांचं काय करणार? त्यांना गप्प कसं करणार?

तिने सांगितलं, की गप्प करायची गरज नाही. त्यांना गाडी नको आहे, रस्ता हवा आहे. तर रस्ताच सांगून टाकू. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बारा ते एक रस्ता बंद, अशी पाटी लावू. दोन्ही वारी दोन जीप आणि एक बंद गाडी जाईल. कुठल्या वारी गाडी भरलेली आणि कुठल्या वारी रिकामी, ते कोटाला कळणार नाही, बेकरीला कळणार नाही आणि गाडी हाकणाऱ्यालाही कळणार नाही. कोट दर सोमवारी आणि गुरुवारी इस्त्रीला जाईल, बिस्किटं दोन्ही दिवशी येतील. ड्रायव्हरला जास्तीचे पुडे घरी नेता येतील.

तपासनिसांनी ते लिहून घेतलं. त्या वहीत कामाचं म्हणावं असं तेवढंच होतं.

पाटी लागली. पहिल्या आठवड्यात चहावाला रुसला होता. आता तो लोकांना आधी सांगणार तरी काय, ते सगळं पाटीवरच लिहिलेलं. मग त्याने नवा उद्योग काढला. गाडी भरलेली आहे की रिकामी, यावर टायरांकडे बघून तो पैज लावायचा. तो जिंकला की हरला हे फक्त तिलाच कळायचं, आणि तो इतक्यांदा हरला, की तिला फार समाधान वाटलं.

दीड महिन्याने तिचा क्लिअरन्स परत मिळाला. सोबत एक लेखी ताकीद होती. ती तिने नियमाप्रमाणे स्वतःच्या फाइलला लावली, आणि एक प्रत पर्समध्ये घालून घरी आणली. संध्याकाळी तिघं जेवायला बसले होते. तिने घास खाली ठेवला आणि म्हणाली, "मला ऑफिसात ताकीद मिळाली."

नवऱ्याचा चमचा हवेतच राहिला. "हे आम्हाला ऐकायला चालतं?"

तिने मनातल्या मनात सगळे नियम उलटून पाहिले. "चालतं," ती म्हणाली. "ताकीद माझी आहे. गोपनीय नाही."

सासऱ्यांनी हात पुसून पत्र मागून घेतलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. "दुसऱ्या ओळीत 'निष्काळजी'चा 'ष्' चुकलाय," ते म्हणाले. "एवढं मोठं खातं." नवऱ्याने लाल पेन आणायचं का विचारलं, आणि तिने दोघांच्याही हातातून पत्र काढून घेतलं. पण त्या जेवणात तिने त्यांना फिटरची गोष्ट सांगितली, नाव न घेता. नवरा इतका हसला की पाणी प्यावं लागलं. सोळा वर्षांतली ती तिच्या ऑफिसची पहिली गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निघता निघता, सासरे चपला घालत असताना, सहज म्हणून विचारलं, की वळणावर हल्ली काय बोलतात लोक माझ्याबद्दल? सासरे दारात टेकून उभे राहिले आणि सांगायला लागले. हवा कशी बदलली, चहावाल्याच्या शेगडीला काय झालं, बसथांबा पुन्हा हलवणार म्हणतात तो कुठे. ती घड्याळ बघत, मध्येच हं हं करत, मुद्दा येईल म्हणून वाट बघत राहिली. मुद्दा आला नाही. कारखान्याच्या फाटकावर ती चार मिनिटं उशिरा पोचली, आणि पहारेकऱ्याने तिच्याच नियमाप्रमाणे ते वहीत लिहून तिची सही घेतली.